दसऱ्याच्या दिवशीची टॅक्सी : १:२४ मापातल्या एका पद्मिनीचं प्रकरण

(नावं, गाडीचा क्रमांक आणि चाळीचा पत्ता वगळला आहे. बाकी सगळं घडलं तसं लिहिलं आहे.)

पार्श्वभूमी

मार्च २०२४ मध्ये एक मुलगी माझ्याकडे आली. वडील (मी त्यांना काका म्हणतो) लालबागच्या चाळीत राहतात, मूळ गाव पाटण तालुक्यात. उभं आयुष्य मुंबईत टॅक्सी चालवली. १९९६ साली घेतलेली काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरली म्हणून २०१६ मध्ये भंगारात गेली. त्यानंतर काकांनी दुसरी गाडी घेतली नाही. घरात उरल्या त्या मागची नंबरप्लेट आणि चार फोटो.

"दादा, बाबांची गाडी करून द्याल? लहान, पेटीत ठेवता येईल अशी. दसऱ्याला द्यायची आहे. त्यांना मात्र काही कळू द्यायचं नाही."

दसरा १२ ऑक्टोबरला होता. सात महिने हातात होते, म्हणून मी लगेच हो म्हटलं. अठरा वर्षं मी स्केल मॉडेल गाड्या करतो आहे. किटचे भाग कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि मग आपल्या मनाप्रमाणे त्यात बदल करायचे, हा माझा रविवार. पण आजवरची प्रत्येक गाडी माझ्या आवडीची होती. कुणीतरी गमावलेली गाडी करायला कधी बसलो नव्हतो.

पद्मिनीबद्दल मुंबईकराला फार सांगावं लागत नाही. मूळची फियाट ११०० डी, १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होऊ लागली, पुढे तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे सलग बाकासारखी सीट. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि तिची वीस वर्षं भरल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. म्हणजे मुलगी आली तेव्हा समोर उभी करून बघावी अशी एकही टॅक्सी शहरात धावत नव्हती.

अडचण

पहिली अडचण मापाची. मला १:२४ हवं होतं, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलमध्ये अर्धा इंच. या मापात गाडी साधारण सोळा सेंटिमीटरची होते, आतला मीटरचा तक्ता आणि सीटचं कापडसुद्धा दाखवता येतं. पण या मापात पद्मिनीचं किट मला कुठेच मिळालं नाही.

दुसरी अडचण मला सुरुवातीला दिसलीच नाही. वीस वर्षं रस्त्यावर असलेली गाडी एकसारखी राहत नाही. मीटर आधी बाहेर, डाव्या मडगार्डापाशी होता, पुढे इलेक्ट्रॉनिक होऊन आत गेला. सीएनजी आलं आणि डिकीत टाकी बसली. मग सामान वर कॅरिअरवर चढलं. "बाबांची गाडी" म्हणजे यातली कुठल्या वर्षीची, कुठल्या दिवशीची? हे मी विचारलंच नाही. मुलीनं मोबाइलवर २०१५ चा फोटो दाखवला, दाराखाली गंजाचे ठिपके आलेला, आणि मी मनातल्या मनात तोच नमुना धरून चाललो.

पर्याय

चार वाटा होत्या.

खेळण्यांच्या दुकानात पुलबॅकची प्लॅस्टिक टॅक्सी मिळते. ती घेऊन सुधारायची, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण आत स्प्रिंगची यंत्रणा बसवायची असल्यानं चाकं रुंद, तळ जाड आणि खिडक्या बुटक्या असतात. ते सुधारत गेलं की खेळण्यातलं शेवटी फक्त छप्पर उरतं.

१:४३ मापातली धातूची गाडी घ्यायची, हा दुसरा. रिव्हेट ड्रिल करून उघडायची, रंग उतरवायचा, टॅक्सी करायची. मी अशी कामं केली आहेत. पण त्या मापात गाडी जेमतेम नऊ सेंटिमीटर. काकांची नजर आता अधू आहे. त्यांना आतली सीट दिसणारच नसेल तर ती करण्यात अर्थ नव्हता.

तिसरा मार्ग, सगळं प्लॅस्टिक शीटमधून हातानं. मला सगळ्यात आवडणारा. पण पद्मिनीच्या छपराला दोन्ही दिशांनी गोलाई आहे. लाकडाचा साचा कोरून त्यावर तापवलेली शीट दाबायची, मग बॉनेट, मग मडगार्ड. माझ्या अंदाजानं चारशे तास. नोकरी सांभाळून दसरा गाठता आला नसता.

चौथा, थ्रीडी प्रिंट. इंटरनेटवर एकानं काढलेली फाइल विकत मिळत होती. अंधेरीत रेझिनमध्ये, म्हणजे प्रकाशानं कडक होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये, छापून देणारे होते. मी हाच धरला. सांगाडा छापील, बाकी सगळं हाताचं. पूर्ण हातकामाचा आग्रह सोडायला दोन दिवस लागले, पण हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

माप तपासलं ते बरं झालं

प्रिंट एप्रिलच्या मध्यावर आली. पद्मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, २३४० मिलिमीटर. चोविसाव्या भागाला ९७.५ मिलिमीटर. व्हर्नियर (मिलिमीटरचे अंश मोजणारं साधन) लावलं तर बरोबर तेवढंच. तरी बाजूनं बघताना काहीतरी खटकत होतं, गाडीनं टोपी घातल्यासारखं.

दादरच्या हिंदू कॉलनीत एका गृहस्थांकडे खाजगी पद्मिनी आहे, अजून चालू. रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन गेलो. त्यांनी चहा दिला आणि दीड तास गाडी मोजू दिली. घरी येऊन ताडून पाहिलं तर मॉडेलचं छप्पर दीड मिलिमीटर उंच निघालं. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण खऱ्या गाडीत तेच ३६ मिलिमीटर होतात. शिवाय समोरची जाळी जुन्या फियाटची होती, नव्वदच्या दशकातल्या पद्मिनीची नव्हती.

इथे मी घाईचा निर्णय घेतला. फाइल दुरुस्त करून पुन्हा छापायला साडेतीन हजार रुपये आणि चार दिवस लागले असते. मी म्हटलं, खांब कापतो, दीड मिलिमीटर काढतो, पुन्हा जोडतो. प्लॅस्टिकच्या किटवर हे मी दहा वेळा केलं आहे. रेझिन मात्र ठिसूळ असतं. बारीक करवतीखाली तिसरा खांब दोन ठिकाणी तुटला. मग प्रत्येक खांबात पोलादी तारेची टाचणी घालून तो उभा करावा लागला. त्यात पुट्टी, घासणं, पुन्हा पुट्टी असे तीन आठवडे गेले. वाचवलेले साडेतीन हजार त्या तीन आठवड्यांपुढे काहीच नव्हते.

करड्या प्रायमरवर फक्त छपराला पांढरा थर दिला. पिवळ्यात झाकण्याची ताकद कमी असते. करड्यावर मारला तर हिरवट, मेलेला दिसतो. पांढऱ्यावर तोच उजळतो. मे संपता संपता पिवळं छप्पर तयार झालं आणि पाठोपाठ पाऊस आला.

गुपित मोडलं

जूनभर मी गंजाचा सराव करत होतो. प्लॅस्टिकच्या चमच्यांवर मिठाचे दाणे चिकटवायचे, वर काळा मारायचा, मीठ खरवडलं की खालचा तपकिरी रंग डोकावतो. वेदरिंग म्हणजे जुनेपणा आणण्याचं काम, आमच्या छंदात सगळ्यात जास्त वाहवा यालाच मिळते. चमचे सुंदर झाले होते. मुलीला दाखवले, तिलाही आवडले.

पण चौथ्या फोटोपाशी मी अडत होतो. दसऱ्याचा फोटो, २००४ चा. गाडीवर झेंडूचे हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, शेजारी नऊ वर्षांची ही मुलगी. त्यात गाडीवर कुठेच गंज नव्हता. मग माझ्या डोक्यातली २०१५ ची गाडी आणि ही, यातली कुठली? मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनाच ठाऊक." थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जाऊ दे दादा, सांगून टाकू त्यांना."

या सगळ्या कामातला हा सगळ्यात मोठा निर्णय. गुपित मोडायचं म्हणजे दसऱ्याच्या दिवशीचा तो एक क्षण सोडून द्यायचा. मुलीनं तो सोडला.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी चाळीत गेलो. काकांच्या हातात पिवळ्या छपराचा करडा सांगाडा दिला आणि शेजारी गंजाचा चमचा ठेवला. काकांनी सांगाडा बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. मग चमचा उचलला.

"ह्ये काय?"

"काका, गंज. गाडी जुनी दिसावी म्हणून."

"माज्या गाडीला गंज? आरं, रोज पहाटं चारला दोन बादल्या पाण्यानं धुतली तिला. शेवटच्या सालाला अंगातनं हुईना झालं, तवा आला आसंल. ती काय माजी गाडी न्हाई."

मी चमचा खिशात टाकला. काकांना विचारलं, मग खुणा कुठल्या होत्या? ते बोलत राहिले, मी लिहीत राहिलो. मुलगीही बसून ऐकत होती. यातल्या बऱ्याच गोष्टी तिला पहिल्यांदाच कळत होत्या.

पुढचं डावं मडगार्ड एकदा बसनं घासलं होतं. लालबागमधल्याच गॅरेजवाल्यानं रंगवलं, पण त्याचा काळा थोडा निळसर निघाला. मागच्या डाव्या दाराच्या हँडलची चकाकी पार गेली होती, कारण पॅसेंजर फूटपाथच्या बाजूनंच चढतो. काकांच्या स्वतःच्या खिडकीची कड, जिथं उजवा कोपर टेकायचा, तिथला काळा झिजून खालचा करडा दिसायचा. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवर ट्रंकांचे ओरखडे. मे महिन्यात परळच्या एसटी डेपोला जाणाऱ्या सगळ्या लालबागच्या ट्रंका तिथून गेल्या, असं काका म्हणाले.

"आनि काचा सोच्छ पायजेत," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

गाडी ठरली. २००४ च्या दसऱ्याची सकाळ. मीटर बाहेर, डिकीत सीएनजीची टाकी, वर कॅरिअर, अंग धुतलेलं. जुनेपणा फक्त माणसांचे हात जिथे लागले तिथेच. गंजाचे सगळे चमचे मी टाकून दिले. त्या महिन्याभराचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

काळा रंग पांढरा पडला

जुलैच्या शेवटी एक दिवस पाऊस थांबला आणि मी घाई केली. घराच्या पॅसेजमध्ये, एअरब्रशनं (हवेच्या दाबानं बारीक फवारा मारणाऱ्या पेननं), लॅकरचा, म्हणजे थिनरमध्ये विरघळवून मारायच्या रंगाचा, चकचकीत काळा. आर्द्रतामापक ८८ टक्के दाखवत होता. पाच मिनिटांत बॉनेटवर दुधासारखी साय आली.

यामागचं कारण सोपं आहे. लॅकरचा थिनर झपाट्यानं उडतो. उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाणी जमतं आणि सुकत्या रंगात अडकतं. पिवळ्यावर ते चटकन दिसत नाही, काळ्यावर लपत नाही. मला हे माहीत होतं. माहीत असून मारला.

आता काय करायचं? सगळा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उतरवला तर मेमध्ये जमलेलं पिवळं छप्परही जाणार. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिककडे वळलो तर साय येणार नाही, पण माझ्या हातून त्याची चमक लॅकरसारखी येत नाही. पाऊस संपेपर्यंत थांबलो तर दसरा चुकणार. चौथा उपाय म्हणजे हळू उडणाऱ्या थिनरचा, रिटार्डरचा, नुसता धुक्यासारखा फवारा मारायचा. वरचा थर थोडा विरघळतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

यावेळी आधी चमच्यावर केलं, तीन वेळा. मग गाडीवर. दारं, मडगार्डं काळीभोर झाली. बॉनेट आणि डिकीवर मात्र रंग जाड बसला होता. साय खोलवर गेली होती, निघाली नाही. तिथला रंग २००० नंबरच्या पॉलिशपेपरनं पाण्याखाली घासून काढला आणि पुन्हा मारायचं ठरवलं. पण मारायचा कुठे?

उत्तर काकांच्या शेजाऱ्यानं दिलं. ते मूर्तिकार. त्यांच्या शेडमध्ये भर पावसात शेकडो गणपती रंगतात. मी अडचण सांगितली तेव्हा ते म्हणाले, "पाऊस थांबायची वाट बघितली असती तर गणपती कधी बसलेच नसते." ताडपत्रीनं बंद केलेली शेड, रात्रभर पेटलेले हॅलोजन. हवेतली वाफ तेवढीच राहते, पण हवा तापली की तीच वाफ तिला कमी वाटते आणि आर्द्रता उतरते. मी हीच गोष्ट पुस्तकी भाषेत वाचली होती. ते पिढ्यान् पिढ्या करत आले होते.

७ सप्टेंबरला गणपती बसले, शेडमध्ये थोडी जागा झाली. एका कोपऱ्यात देवीच्या मूर्तींचं काम चालू, दुसऱ्या कोपऱ्यात मी. बाहेर ८४, आत ६१. कॉम्प्रेसरचा पाण्याचा सापळा दर दहा मिनिटांनी रिकामा केला. गाडी आधी तासभर उबेत ठेवली, म्हणजे पृष्ठभाग थंड पडणार नाही. हॅलोजनच्या अगदी जवळ नाही, कारण छापील रेझिन जास्त उष्णतेनं वाकतं. पातळ चार थर, मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. तोंडावर कार्बनचा मास्क, आणि फवारा मारताना एका बाजूची ताडपत्री वर. डाव्या मडगार्डाच्या काळ्यात निळ्याचे दोन थेंब जास्त.

साय आली नाही. मूर्तिकारांनी येऊन पाहिलं, बोट न लावता खाली वाकून प्रतिबिंब पाहिलं आणि परत देवीच्या डोळ्यांकडे वळले.

बारीक कामं

यातलं सगळं सांगत नाही. क्रोमच्या पट्ट्यांसाठी पातळ चिकट फॉइल वापरली, समोरची जाळी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी नव्यानं बांधली. काचा पारदर्शक शीटच्या, आणि त्या फेविकॉलनं चिकटवल्या. इन्स्टंट ग्लूच्या वाफेनं काचेवर पांढरट थर बसतो, आणि काचा स्वच्छ हव्यात हे काकांनी दोनदा सांगितलं होतं. सीटचं फुलाफुलांचं रेक्झिन फोटोवरून लहान करून कागदावर छापलं. पिवळी नंबरप्लेट पांढऱ्या डिकॅल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा कागद) छापली, पारदर्शक घेतला असता तर काळ्या अंगावर पिवळा दिसलाच नसता.

कोपराची जागा सगळ्यात शेवटी. खिडकीच्या कडेला खाली करडा, वर काळा, खऱ्या गाडीसारखाच क्रम होता. पॉलिशपेपरची चिमटीएवढी घडी घेऊन, दर तीन-चार फेऱ्यांना थांबून, काळा पुसत गेलो. साडेपाच मिलिमीटर लांबीची झीज. हे काम करताना माझा हात जितका हळू चालला तितका पूर्वी कधी चालला नव्हता.

झेंडूचं फूल सहा सेंटिमीटरचं धरलं तर मॉडेलमध्ये अडीच मिलिमीटर. केशरी लोकरीचे तुकडे कातरून दोऱ्यात ओवले, मधे हिरव्या कागदाची आंब्याची पानं. हा भाग मुलीनं केला. हार मी केला असता तर जास्त नीट झाला असता, पण मग तो तिचा नसता.

परिणाम

११ ऑक्टोबरला रात्री गाडी चाळीत पोचली. दसऱ्याच्या सकाळी काकांनी नंबरप्लेटीशेजारी पाटावर ठेवून तिची पूजा केली. मी तिथे होतो. त्यांनी गाडी उचलून पहिल्यांदा उजव्या खिडकीची कड पाहिली, तिच्यावर करंगळीचं नख टेकवलं आणि म्हणाले, "हितंच." मग डावं मडगार्ड उजेडाकडे धरलं. पत्नीला हाक मारून निळसर काळा दाखवला. चाळीतले दोन जुने टॅक्सीवाले आले, त्यातल्या एकानं मीटरचा झेंडा पडलेला आहे की वर, हे विचारलं. वर होता, गाडी रिकामी होती.

एक गोष्ट मात्र मी धरून चाललो नव्हतो. काका ती रोज पुसू लागले. महिन्याभरात छपरावर बारीक चरे दिसू लागले आणि कॅरिअरची एक दांडी निसटली. दांडी तारेनं पुन्हा बसवली, छपराला पॉलिश केलं आणि वर ॲक्रिलिकची पेटी दिली. आता ते पेटी पुसतात.

खर्च साहित्याचा तेवढा घेतला. वेळ साधारण एकशे नव्वद तास, त्यातले साठेक तास फुकट गेले: गंजाचे चमचे, तुटलेले खांब आणि पांढरा पडलेला काळा.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच विचारेन, गाडी कुठल्या दिवशीची? आणि ज्याची गाडी त्यालाच विचारेन. भेटवस्तूचं गुपित राखायचं असेल तर निदान त्या गाडीत बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी. काकांना एप्रिलमध्ये भेटलो असतो तर छपराची उंचीही त्यांनीच सांगितली असती. कॅरिअर बांधायला रोज तिथवर हात पोचायचा त्यांचा.

छापील सांगाड्यात माप चुकलं तर फाइल दुरुस्त करून पुन्हा छापेन. कापाकापी प्लॅस्टिकसाठी ठेवेन.

काळा चकचकीत रंग जून ते सप्टेंबरमध्ये घरी मारणार नाही. मारावाच लागला तर आर्द्रता ६५ च्या खाली आणता येईल अशी जागा आधी शोधेन आणि मगच काम हाती घेईन. छपराबरोबर काळाही मेमध्येच उरकता आला असता, खांबांनी ते तीन आठवडे खाल्ले नसते तर.

आणि वस्तू हातात घेतली जाणार आहे हे धरून वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, जाड देईन, कॅरिअर पितळी तारेचं डाख देऊन करेन. डोंबिवलीहून एकानं वडिलांच्या रिक्षाबद्दल विचारलं आहे. त्याला मी सध्या एवढंच सांगितलं आहे, की आधी वडिलांना घेऊन ये.